परीक्षेच्या खोलीतली कुरकुरी

बसा मित्रांनो, पण जरा बेताने. मी एक जुनी खुर्ची आहे, अस्सल लाकडाची, दोन हातांची, उंच पाठीची. धपकन अंग टाकलेलं मला खपत नाही. ज्यांनी ज्यांनी तसं टाकलं, त्यांची मी भर परीक्षेत फजिती केली आहे.

माझ्या मांडीवर बँकेतले साहेब बसले, औषधं विकणारे बसले, बोटीवरचे हिशेबनीस बसले, विमानात चहा-पाणी देणाऱ्या मुली बसल्या. बाहेर सगळे मोठे रुबाबदार. माझ्यावर बसले की मात्र सगळा रुबाब उतरायचा, कारण माझी खोली होती इंग्रजीच्या परीक्षेची. शाळकरी पोरांच्या नव्हे, कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांच्या. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलता येतं का, बैठकीत आपलं म्हणणं मांडता येतं का, हे तिथे तपासायचे. लिहिणं-वाचणं बाहेरच्या हॉलमध्ये व्हायचं. माझ्या खोलीत फक्त बोलायचं, आणि तेही दोघादोघांनी, जोडीने. समोर एक बाई प्रश्न विचारायच्या, कोपऱ्यात एक साहेब तोंडातून ब्र न काढता गुण द्यायचे, आणि टेबलावरचं यंत्र सगळं टिपून घ्यायचं.

मी स्वतः शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. वर्गातलं बाकडंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं असेल. पण उठल्या-बसल्या तेच कानावर पडल्यामुळे मला सगळं समजायला लागलं. समजतं, पण बोलता येत नाही. तशी परीक्षेला येणाऱ्या निम्म्या लोकांचीही हीच तक्रार असते.

मला घडवलं एका फटकळ सुताराने. खिळा ठोकणं हे आळशाचं काम, असं तो म्हणायचा. त्यामुळे माझ्या अंगात एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून त्याने मला उभी केली, आणि मी थेट परीक्षा घेणाऱ्या बाईंच्या वाट्याला आले. केवढा माझा मान होता तेव्हा. पुढे बाईंना गरगर फिरणारी खुर्ची आली आणि मला टेबलाच्या पलीकडे, परीक्षा देणाऱ्यांच्या बाजूला सरकवलं. मी फुरंगटून बसले. पण मित्रांनो, खरी गंमत तर याच बाजूला होती. कोणाचे तळवे घामेजलेत, कोण मनातल्या मनात घोकतोय, कोण नुसतीच ऐट आणतोय, हे मला कोपऱ्यातल्या साहेबांच्या आधी कळायचं. शिपाईमामा तर घाबरलेल्या माणसाला मुद्दाम माझ्याकडे धाडायचे. म्हणायचे, "तिकडे बसा, ती सांभाळून घेते."

मग आले एक बँकेतले साहेब. पाठ केलेलं भाषण फाडफाड म्हणताना त्यांनी मला मागच्या दोन पायांवर तोललं, आणि माझा एक सांधा सैल झाला. तेव्हापासून मी कुरकुरायला लागले. कोणी जरा हललं की कुर्र. कोपऱ्यातले साहेब कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, या खुर्चीचा आवाज यंत्रात जातो, वरचे लोक ऐकतात आणि विचारतात की तुमच्या खोलीत तिसरं कोण बोलतं? झालं. माझी रवानगी बाहेरच्या बोळात झाली. अंगावर ओल्या छत्र्या आणि हेल्मेटं. नाव पडलं कुरकुरी. माझ्या जागी चाकांवर मिरवणारी एक नखरेल पोरगी आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं.

भंगारवाला यायचा होता, त्याच्या आधी परीक्षेचा एक दिवस आला. बोळात नुसती झुंबड. कोणी भिंतीकडे तोंड करून पुटपुटतंय, कोणी नळाखाली तोंड धुतंय. त्या गर्दीत दोन जावा आल्या. शिपाईमामांनी छत्र्या उचलल्या आणि थोरलीला माझ्यावर बसवलं. धाकटी शेजारी उभी राहिली.

दोघींच्या बोलण्यातून मला सगळा मामला कळला. घरचा कारखाना होता, कामगारांसाठी चामड्याचे हातमोजे शिवायचा. थोरली शिवणखाना बघायची, धाकटी कचेरी. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की यापुढे फोनवर मालाबद्दल बोलेल त्या माणसाने ही परीक्षा पास केलेली हवी. मग सासूबाईंनी फर्मान काढलं. जिला जास्त गुण मिळतील तिने फोनवर बोलायचं, दुसरीने त्यात नाक खुपसायचं नाही. थोरली मागच्या वेळी नापास झाली होती. आता पुन्हा आपटली, तर जो माल तिने स्वतःच्या हाताने उभा केला, त्याबद्दल अवाक्षर काढायची सोय राहणार नव्हती.

एकमेकींवर कुरघोडी करायची होती, पण परीक्षा पडली जोडीची. म्हणून दोघींनी घरी एक अख्खं संभाषण बसवलं होतं. मागच्या वेळी थोरलीला उशिरा पोहोचलेल्या मालावर बोलायला सांगितलं होतं, म्हणून यंदाही तेच येणार असं धरून चाललेल्या. अशी चूक एका घरातून जोडीने आलेली माणसंच करतात. एकटा माणूस एवढं पाठ करत नाही.

"माल का उशिरा आला, ते तू विचारायचंस," थोरली म्हणाली. "मी माफी मागणार."

"घरी कधी मागितली नाहीत, इथे बऱ्या मागता," धाकटी म्हणाली.

"इथे गुण मिळतात."

असं म्हणून ती ऐटीत मागे रेलली आणि मी कुरकुरले. थोरलीने वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ही तर आपल्या जुन्या मशीनसारखी आहे. आणि तुमच्यासारखी, असं धाकटी हळूच पुटपुटली. मला ती पोरगी तिथेच आवडली.

तेवढ्यात आतून आरडाओरडा झाला. त्या नखरेल पोरीचं एक चाक निखळलं होतं. शिपाईमामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मला उचलून तडक आत नेलं. कोपऱ्यातले साहेब डोळे वटारून बघत राहिले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मनाशी ठरवलं, आज जीव गेला तरी आवाज काढायचा नाही.

दोघी आत आल्या. थोरली माझ्यावर बसली आणि तिने माझे हात असे घट्ट धरले, जशी मीच तिची आई. आधी एकेकीला प्रश्न झाले. धाकटीचं इंग्रजी नळ सोडल्यासारखं. थोरलीचं थेंब थेंब. मग बाईंनी एक कार्ड पुढे ठेवलं. तुमच्या कारखान्यात नवा माणूस रुजू होतोय, त्याचा पहिला दिवस कसा असावा, ते दोघींनी बोलून ठरवा.

थोरलीने कार्डाकडे पाहिलं, पण तिला काही दिसलंच नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि इंग्रजीतून सुरुवात केली, माल उशिरा पोहोचला याबद्दल आम्ही तुमची मनापासून माफी मागतो.

धाकटी बघतच राहिली. तिच्या नजरेवरून थोरलीला कळलं आणि ती जागच्या जागी थिजली. खोलीत चिडीचूप. यंत्र बिचारं ती शांतताच टिपत होतं. कार्ड समोर होतं, धाकटीला सगळं येत होतं. तिने एकटीने बोलायला घेतलं असतं तर थोरलीचा निकाल तिथेच लागला असता. धाकटीने तोंड उघडलंही.

आणि थोरली खचून मागे रेलली. तिचा सगळा भार माझ्या त्या सैल सांध्यावर आला. मी अंगातलं सगळं बळ एकवटलं, दातावर दात धरले म्हणा ना. नाही जमलं. कुर्रर्रर्र. असा लांबलचक आवाज मी आयुष्यात काढला नव्हता.

साहेबांचं पेन थांबलं. दोघी जावांची नजरानजर झाली. धाकटीचे ओठ थरथरायला लागले, तिने हसू कसंबसं गिळलं आणि इंग्रजीतून विचारलं,

"नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आपलं जुनं मशीन द्यायचं का, जाऊबाई?"

'जाऊबाई' मात्र तिला मराठीतच म्हणावं लागलं.

थोरली ताडकन सरळ झाली. "मुळीच नाही," ती इंग्रजीतून म्हणाली. "आधी त्याने हातमोजा उलटा करून घालायचा. आतून शिवण टोचते का, ते त्याच्या बोटांना कळू दे. मशीन नंतर."

शब्द तुटके होते, पण तिचे स्वतःचे होते. आणि लगेच तिने धाकटीवर प्रश्न टाकला, तेवढ्यात फोन वाजला तर तो उचलेल का? धाकटी म्हणाली, नाही, आधी माझ्या शेजारी बसून ऐकेल. थोरली म्हणाली, मग शिवणखान्यात कधी येईल? अशा जुंपल्या दोघी. एक म्हणे आधी कचेरी, दुसरी म्हणे आधी शिवणखाना. एकीचा शब्द अडला की दुसरी तो पुरवायची आणि पुन्हा भांडण पुढे चालू. परीक्षा कुठल्या कुठे विसरल्या. थोरली पुढे-मागे झुलत होती, मी खुशाल कुरकुरत होते, आणि वेळ संपली हे बाईंना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. कोपऱ्यातल्या साहेबांचं पेन सारखं चालत होतं. मला ठाऊक होतं का ते. त्या खोलीत दुसऱ्याला गप्प बसवणाऱ्याचे गुण जातात, आणि दुसऱ्याला बोलतं करणाऱ्याला मिळतात. मी हे कितीदा तरी पाहिलं होतं, पण सांगणार कुणाला?

बाहेर आल्यावर थोरलीने विचारलं म्हणे, मला का सावरलंस? धाकटी म्हणाली, घरी जाऊन तुमचं पडलेलं तोंड कोणी बघायचं?

निकाल लागला. दोघी पास झाल्या. बोलण्यात बरोबरीच्या, लिहिण्यात धाकटी पुढे. प्रमाणपत्रं घ्यायला आल्या तेव्हा भंगारवाला मला हातगाडीला बांधत होता. थोरली तरातरा आली. तिने मला सोडवलं, उलटं केलं आणि माझ्या सांध्यात बोट घातलं, जसं हातमोज्यात घालायची तसंच.

"लाकूड ठणठणीत आहे," ती म्हणाली. "नुसता सांधा सुटलाय."

त्याच हातगाडीवर बसून मी त्यांच्या कारखान्यात आले. तिने सांध्यात सरस भरला आणि वरून चामड्याची पट्टी आवळून शिवली. सासूबाईंच्या फर्मानाप्रमाणे फोन धाकटीकडे गेला. पण धाकटीने बजावून सांगितलं, जाऊबाई शेजारी नसतील तर मी फोनला हात लावणार नाही. सासूबाईंना आपलं फर्मान अर्धं गिळावं लागलं. आता टेबलावर फोन मधोमध असतो, आवाज मोठा ठेवलेला. धाकटी स्टुलावर आणि थोरली माझ्यावर.

कुरकूर मात्र अजून थोडी उरली आहे. खरं सांगायचं तर मीच ठेवली आहे. परवा ते परदेशातलं गिऱ्हाईक बोलता बोलता थांबलं आणि विचारायला लागलं, हा कसला आवाज? धाकटी काही बोलायच्या आत थोरली फोनवर वाकली आणि तिने इंग्रजीतून न अडखळता सांगितलं, ती आमच्याकडची सगळ्यात मोठी आहे. माल पसंत पडला की आवाज देते.

तिकडून हसू आलं आणि माल ठरला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, कामावर कोणी कुरकुरत असेल, तर भंगारात काढायची घाई करू नका. एकदा उलटं करून आत बोट घालून बघा. लाकूड ठणठणीत निघेल, सांधा तेवढा आवळावा लागेल. आणि आता उठताना मला मागे ढकलू नका. दोन हात दिलेत मला सुताराने. त्यांना धरून उठा.