धुतलेली बरणी

बरणी इतकी लख्ख झाली होती, की शाळेत शिकवून घरी आलेल्या गुणवंताला आधी काच दिसलीच नाही — खिडकीत नुसतं पाणी उभं आहे असं वाटलं, आणि त्या पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून आठही मासे, नखाएवढे, धापा टाकत होते. काचेवरचं हिरवं गेलेलं, तळाचा गाळ गेलेला, पाणगवत मेथीसारखं निवडून पुन्हा रोवलेलं...

"राखेनं घासली," त्याची बायको, शकु, दारातून म्हणाली. "विहिरीचं ताजं पाणी भरलं. कशी चमकून राहिली नं?"

दोन महिन्यांत प्रथमच तिनं कुणी न सांगता काही केलं होतं. बाळ आठ दिवसांतच गेलं; जन्मतःच हृदय कमजोर, कुणाचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाला, तरी ती रोज विचारायची — माझ्यामुळेच नं? — आणि तो नाही म्हणायचा, दूध नासलं तरी नाही, भात करपला तरी नाही, तिच्या हातून जगात काही बिघडतच नाही असं... तिचं मन रमावं म्हणून बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या बंगल्यावरच्या लिलावातून या दोन बरण्या घेतल्या, मदन महालच्या किल्ल्याखालच्या डबक्यातून धोतरात गाळून मासे आणले, आणि तिच्या हातून काही बिघडायला नको म्हणून तिला हात मात्र लावू दिला नाही.

छान झाली म्हणावं. मरतील ते गुपचूप काढून उद्या नवे सोडावेत, एवढाले जीव, कोण ओळखतंय... खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारणारा मी!

"वर काहून येऊन राहिले हो?" ती जवळ आली. "माझ्यामुळे?"

'नाही' जिभेवर आलंच होतं.

"हो," तो म्हणाला. "सगळं पाणी एकदम नाही बदलवायचं. मी कधी सांगितलं नाही, पण झालं ते तुझ्याच हातून."

ती रडेल असं त्याला वाटलं. तिनं वर पाहिलं, सरळ त्याच्याकडे.

"आणि बाळ?"

"नाही, शकु. ते नाही."

तेच शब्द, साठ दिवस बोलून गुळगुळीत झालेले. पण या वेळी तिनं मान फिरवली नाही.

"अच्छा," ती हळूच म्हणाली. "मग त्या दुसऱ्या बरणीतलं जुनं पाणी यात घालू?"

"घाल. थोडं थोडं."

ती वाटीनं पाणी घालू लागली. मासे जगतील का, त्याला माहीत नव्हतं. तिनं विचारलं असतं तर तो तसंच म्हणाला असता — माहीत नाही — आणि नुसत्या त्या विचारानंच त्याला वाटलं, की इतक्या दिवसांत आज या घरात आपल्याला कुणाची तरी सोबत आहे.