आत्याचे किड्यांचे ताट

मी एक जुने, पांढऱ्या इनॅमलचे ताट आहे, आणि कित्येक वर्षांत माझ्यात कुणी जेवलेले नाही. मित्रांनो, यात हळहळण्यासारखे काही नाही. जेवणाची ताटे घरोघरी असतात. मी मात्र किडे ओळखण्याचे ताट होते!

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यातून मला गोल कापले, साच्यात दाबून काठ उभा केला, पांढऱ्या घोळात बुडवून भट्टीत घातले. काठावरची निळी रेघ एका कारागिराने हाताने ओढली. एका जागी त्याचा हात हलला असावा, तिथे ती जाड आहे. मला ती जागा फार आवडते.

पुढे मी एका अरुंद घरात आले. वर दोन खोल्या, खाली एक, मध्ये लाकडी जिना. वर चिमी, तिची आई आणि आत्या राहत. वडील फिरतीच्या नोकरीवर असत. एकदा घासताना मी आईच्या हातून निसटले आणि माझा टवका उडाला.

"आता यात जेवायचं नाही. पोटात कपची जायची," आई म्हणाली.

"मग मला दे, वहिनी," आत्या म्हणाली. "असंच पांढरं काहीतरी मी शोधत होते."

आत्या बालवर्गाला शिकवायची. तिला कशाचाही कंटाळा नव्हता, किड्यांचासुद्धा. काही वळवळताना दिसले की बाकीचे चप्पल उचलत, आत्या मला उचले. मऊ कुंचल्याने किडा माझ्यात घेई आणि खिडकीशी नेई. "आधी कोण आहे ते बघू. मग काय करायचं ते ठरवू." माझ्या पांढऱ्या अंगावर लपायला जागाच नसे. सोंड पुढे काढलेला तो गव्हातला टोका. त्याच्यासाठी गहू चाळायचे, कडक उन्हात घालायचे. चंदेरी, मासोळीसारखी सुळकन पळणारी ती कसर. म्हणजे कपाटात ओल आहे, आधी कपाटाला वारा द्यायचा. चिलटे घोंगावली तर त्यांच्यामागे धावायचे नाही, पिकून गळलेले फळ शोधायचे. शेजारपाजारचे लोक काडेपेटीतून किडे आणत आणि दारातूनच ओळख विचारत. काय दिवस होते ते! चिमी माझ्या काठाला नाक लावून बसे. तिचा श्वास अजून मला आठवतो.

एके वर्षी चिमीच्या पायांवर लाल पुळ्या उठल्या. ती रात्रंदिवस खाजवू लागली.

"ढेकूण! दुसरं काय?" आई म्हणाली. "खालून आलेत. त्या माणसाच्या गादीतून."

तो माणूस म्हणजे घड्याळकाका. खालच्या खोलीत ते नुकतेच राहायला आले होते. एकटेच, मितभाषी. सामान म्हणजे एक टेबल, घड्याळदुरुस्तीची हत्यारे आणि दोरीने बांधलेली जुनी गादी. ते दुकानात गेलेले असताना आईने ती गादी ओढत रस्त्यावर नेली आणि तिच्यावर उकळते पाणी ओतले. सगळ्या गल्लीने पाहिले. काका परतले आणि भिजलेल्या गादीपाशी उभे राहून एवढेच म्हणाले, "उद्या खोली सोडतो."

मित्रांनो, ते जाणार तरी कुठे होते? ढेकणांचा माणूस म्हणून गल्लीभर बोभाटा झाल्यावर त्यांना खोली कोण देणार?

आत्या शाळेतून आली, मला घेऊन तडक रस्त्यावर गेली. गादीची शिवण न् शिवण तिने अंगठ्याने उलगडली आणि माझ्यावर झटकली.

"वहिनी, ढेकूण असते तर शिवणीत काळे ठिपके दिसले असते. कात दिसली असती. इथे नुसता कापूस आहे."

"मेले असतील उकळत्या पाण्याने."

"मेलेले पळून जात नाहीत ना? दाखव की एखादा! आणि चिमीच्या पुळ्या बघ, सगळ्या गुडघ्याखाली. ढेकूण काय गुडघा आला म्हणून थांबतो?"

आईचे तोंड जरा उतरले, पण ती हटली नाही. "मग चावतंय कोण?"

त्या संध्याकाळी आत्याने माझ्यात साबणाचे पाणी ओतले, मला जिन्याखालच्या अंधारात जमिनीवर ठेवले आणि माझ्या शेजारी एक छोटा दिवा लावला. मी असे काम कधी केले नव्हते. टप्. काहीतरी पाण्यात पडले. पुन्हा टप्. उजेडाकडे उड्या मारत कुणीतरी माझ्यात येत होते.

सकाळी आत्याने एक तपकिरी ठिपका कुंचल्यावर उचलून उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे अंग, मागचे पाय लांब.

"पिसवा आहेत," ती म्हणाली. "पण पिसवा जनावराबरोबर येतात. आपल्याकडे कुठलं आलंय जनावर?"

चिमी लालबुंद झाली. खोलीच्या उघड्या दारातून काका सामानाला दोरी बांधताना दिसत होते. चिमीने त्या दोरीकडे पाहिले, मग जिन्याखाली पाहिले. बोलले तर एक जाणार, न बोलले तर दुसरा, असे तिला वाटत असावे. शेवटी ती जिन्याखालच्या अडगळीत शिरली आणि मागच्या खोक्यातून एक करडी मांजर छातीशी धरून बाहेर आली.

"आत पिल्लं पण आहेत," ती हुंदके देत म्हणाली. "मी रोज तिथे बसते. हिला हाकलू नका. आणि काकांनाही नको ना!"

"कुणालाच नाही हाकलायचं. आधी डोळे पूस," आत्या म्हणाली.

तिने मांजरीला माझ्यावर धरून बारीक फणीने विंचरले. काळी कणी पडली. त्यावर तिने पाण्याचा थेंब सोडला आणि थेंब लाल झाला.

"बघ, वहिनी. माती असती तर अशी लाल झाली नसती. हे पिसवांनी प्यायलेलं रक्त."

आई सरळ काकांच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊ, माझं चुकलं."

काकांच्या हातातली दोरी थांबली. "घड्याळ बिघडलं की गिऱ्हाईक आधी काट्यांनाच दोष देतं, वहिनी. काटे बिचारे समोर असतात ना." मग त्यांनी दोरीची गाठ सोडली.

पिल्ले लहान, म्हणून आत्याने विषारी औषध वापरू दिले नाही. खोक्यातल्या चिंध्या उकळल्या. मांजरीला रोज विंचरायचे, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. जिन्याच्या फटी झाडून केर लांब टाकायचा. अंडी फुटत राहतात, म्हणून हे एकदा करून भागत नव्हते. काका फटी साफ करायला त्यांचा घड्याळाचा ब्रश घेऊन येत. मी मात्र रोज संध्याकाळी दिव्याशेजारी बसत होते. शेवटी सकाळ झाली तरी माझ्यातले पाणी स्वच्छ राहू लागले.

आता आत्या नाही. चिमी मोठी झाली, मी तिच्या कपाटात मागच्या बाजूला असते. हल्ली काही हलले की लोक न बघताच फवारा मारतात. मला घासूनपुसून मानाने ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, घरात किडा दिसला तर आधी त्याला पांढऱ्यावर घ्या, उजेडात न्या, त्याची ओळख करून घ्या. आणि तोवर कुणाकडे बोट दाखवू नका.

कारण पिसवा काही आठवड्यांत गेल्या. काका मात्र त्यानंतर दर सुटीला आपली गादी रस्त्यावर आणून उन्हात घालत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी एकेक शिवण झटकत. त्यांना तसे कुणीही सांगितले नव्हते. आईने पहिल्यांदा ते खिडकीतून पाहिले. पुढच्या सुटीला ती खाली गेली आणि तिने गादीचे दुसरे टोक धरले. काका त्या घरात होते तोवर तिने एकही सुटी चुकवली नाही.