न झाडलेलं अंगण

माझी बायको गोकुळा गेली त्याला तीन महिने झाले होते. तिचा कुत्रा भुऱ्या, वय बारा. ती गेल्यावर घरात माझ्याशिवाय तेवढाच जीव उरला होता, आणि तोही पायांतून जात होता. चालताना मागचे पाय लटपटायचे, पंजा उलटा पडायचा, अंगणात नखांच्या रेघा उमटायच्या.

माझा संशय शेजारच्या लटारूवर होता. तलावावर आम्ही एकाच जाळ्यावर असतो. मासळीच्या वाट्यावरून एकदा आमची बोलाचाली झाली होती. तरी गोकुळा गेल्यापासून तो रोज भुऱ्याला माशांची मुंडकी टाकायचा. याआधी कधी टाकली नव्हती. आमच्याकडे काही जण नाल्यात झाडाची विषारी साल कुटून टाकतात, मासे गुंगून वर येतात. ही मुंडकी तसल्याच माशांची, असं मी धरून चाललो.

एका सकाळी मी त्याच्या देखत मुंडकी उचलून उकिरड्यावर फेकली.

"काऊन जी, इस्तारीभाऊ?"

"तुले माईत हाये."

तो पाठ फिरवून घरात गेला. मला ती कबुली वाटली.

त्याच दिवशी भुऱ्याला सायकलमागच्या टोपलीत बसवून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीला टेकवला. भुऱ्या तसाच उभा राहिला.

"पाय कसा पडलाय हेच त्याला कळत नाही. पायाची खबर मेंदूला नेणाऱ्या नसा झिजल्यात. म्हातारपणी काही कुत्र्यांना होतं."

"विषानं नाई?"

"नखं बघा. वर्षभर तरी घासत असेल."

वर्षभर? मग रेघा मला आधी कशा दिसल्या नाहीत? घरी आलो तर खराटा भिंतीला टेकलेला, अंगणभर पाला. गोकुळा मी उठायच्या आत अंगण झाडायची.

लटारू त्याच्या दारात बसला होता.

"मुंडकी काऊन टाकत होता?"

"गोकुळाबाईनं सांगतलं होतं. भुऱ्याले तलावापर्यंत येववत नाई, मी नसन तं तू टाकत जा, म्हने."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी त्याले जंगलात सोडून द्याल म्हणून भेत होती."

दिलाही असता.

"उद्या आणशील?"

"आणतो. उकिरड्यावर टाकू का त्याच्या ताटात?"

"ताटात," मी म्हणालो.