पाट, चपला आणि बसची उंच पायरी

मी एक जुना सागवानी पाट आहे. मित्रांनो, पाट म्हणजे जेवायला बसण्याची बुटकी लाकडी बैठक. बडोद्याच्या एका सुताराने मला घडवले आणि कोपऱ्यांवर पितळेची फुले ठोकली. कितीतरी जावई आणि नव्या सुना माझ्यावर बसून जेवल्या. मला कुणाचा पाय लागला, तर घरच्या इंदिराबाई त्याला नमस्कार करायला लावीत. पुढे टेबलखुर्च्या आल्या आणि मी कपाटामागे गेलो.

त्यामुळे एका गुरुवारी मी हादरलोच. इंदिराबाईंनी मला दोरी बांधली, बसथांब्यावर नेले आणि चक्क रस्त्यावर ठेवले. बसची पायरी त्यांच्या गुडघ्याहून उंच होती. माझ्यावर चढून त्या आत गेल्या आणि मग दोरीने मला वर ओढून घेतले. जावयाचा पाट धुळीत!

"माजी, पाटलो लईने जमवा चाल्यां?" पाट घेऊन जेवायला निघालात का, असे गुजरातीत विचारून कंडक्टर हसला.

"हा भाई, तारे घेर, तुझ्याच घरी. थाळी मांडून ठेव," इंदिराबाई म्हणाल्या.

त्या शहरातल्या गजबजलेल्या मांडवी भागात नणंदेकडे, गंगाबाईंकडे, निघाल्या होत्या. गंगाबाईंची दृष्टी गेली आहे. त्यांची नातवंडे गुजराती वाचतात. मराठी वाचणारे घरात कुणी उरले नाही. इंदिराबाई मासिक वाचून दाखवतील, तेवढेच मराठी त्यांच्या कानावर पडते. घरी मोटार आहे, पण ती मुलाबरोबर, राजवर्धनबरोबर, नंदेसरीच्या कारखान्यावर जाते.

दर गुरुवारी आम्ही जाऊ लागलो. पण पाटावर चप्पल घालून उभे राहायचे नाही, हा नेम इंदिराबाई रस्त्यावरही पाळत. एका हातात चपला, दुसऱ्यात माझी दोरी. बसचा दांडा धरायला हात मोकळा नसे. एकदा मी कलंडलो. त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे.

"आई, आता बस बंद. मी गाडीने नेईन," राजवर्धन म्हणाला.

एका रविवारी त्याने नेलेही. मांडवीत गाडी लावायला जागा मिळेना. मागून हॉर्न वाजत होते आणि हात प्लास्टरमध्ये असलेल्या आईला एकटीला उतरवायला तो तयार नव्हता. गंगाबाईंच्या घराखालून फेऱ्या मारून दोघे परतले.

"ती खिडकीत कान देऊन बसली होती," इंदिराबाई म्हणाल्या. "मला साधी हाकही मारता आली नाही."

एके सकाळी मला उचलून त्या बसच्या कचेरीत गेल्या आणि मला साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"तुमच्या बसला एक पायरी कमी आहे, साहेब. ही मी घरून आणत होते."

साहेबांनी आधी मला पाहिले, मग प्लास्टर. त्यांच्याकडे अशा तक्रारी पुष्कळ असतील. पण दिवाळीनंतर आमच्या मार्गावर ठेंगण्या नव्या बस आल्या, आणि एकामागून एक येऊ लागल्या.

तरी राजवर्धनचा विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी मला बगलेत धरून तो थांब्यावर आला. बस फूटपाथला लागली, दार उघडले आणि इंदिराबाई पायातल्या चपलांसकट सरळ आत चालत गेल्या. उंबरठा ओलांडावा तशा. राजवर्धन तोंड उघडे टाकून बघत राहिला. मीही.

"राजू, गंगाताई वाट बघतेय," त्या खिडकीतून म्हणाल्या. "तो पाट घरी ने, नाहीतर तूही ये. तिकडे गाडी कुठे लावणार आहेस?"

तो मला बगलेत घेऊनच चढला. लोक बघत होते. त्याने मला मांडीवर ठेवले आणि मांडवी येईपर्यंत मान वर केली नाही.

मित्रांनो, लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात असे वाटत असेल, तर त्यांना उपदेश करू नका. बस वेळेवर आणा आणि तिची पायरी म्हाताऱ्या पायांना झेपेल इतकी खाली आणा. आणि मला पुसून जेवायला मांडा. माझ्यावर कुणी सुखाने बसावे, एवढेच माझे काम आहे.