मित्रांची रांग

आतड्याच्या आजारांवर पंधरा वर्षं संशोधन केलेल्या बाईला एक दिवस संस्थेने विनोदी कथाकथन करायला सांगितलं. कारण साधं होतं. तिचे शोधनिबंध कुणी वाचत नव्हतं, संचालकही नाहीत. "लोकांना हसवत हसवत सांगा," संचालक म्हणाले. त्यांना स्वतःला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, पण हुकूम सोडायला हसावं थोडंच लागतं!

विषय काय, तर शौच. त्यात रक्त दिसलं की माणसं किती दिवस तोंड मिटून बसतात, ते तिने मोजलं होतं. सरासरी सात महिने. घरच्या घरी तपासणीसाठी संस्था एक डबी वाटायची. चिमूटभर नमुना घालायचा आणि पाठवून द्यायचा, संपलं. पण डबीवर काय छापायचं यासाठी अकरा जण दोन तास बैठकीला बसले आणि त्या दोन तासांत तो शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. शेवटी छापलं, 'आपला नमुना पाठवा'. मग काय विचारता! लोकांनी थुंकी पाठवली, नखं पाठवली. एका निवृत्त मास्तरांनी तर घडी घालून हस्ताक्षराचा नमुना पाठवला.

हे सगळं ती हसण्यावारी नेई. तिचं खरं दुखणं घरात होतं. तिचे वडील, अप्पा, जन्मभर वजनमापांचे निरीक्षक. दुकानदाराच्या तराजूतली चार ग्रॅमची लबाडी लांबून ओळखणारा माणूस. चार महिन्यांपूर्वी तिला संडासात लाल डाग दिसले. विचारलं, तर म्हणाले, "बीट खाल्लं होतं." घरात महिनाभर बीट आलं नव्हतं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर नाही. निदान डबी तरी भरा म्हटलं, तर डबीत दाढीची ब्लेडं ठेवली. तिने दुसरी डबी दिली तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला.

"बापाच्या संडासात डोकावतेस? एवढी शिकलीस ती यासाठी?"

त्यानंतर दोघांत तो विषयच बंद झाला. जगाला शहाणं करायला निघालेली बाई घरात हात टेकून बसली. रात्रंदिवस जिवाला घोर. म्हणून संचालकांचा हुकूम आला तेव्हा तिने मनाशी ठरवलं, सभागृहात तीनशे माणसं असोत नाहीतर तीन हजार, गोष्ट सांगायची ती एकालाच. आणि अप्पांना पहिल्या रांगेत बसवायचं.

कथाकथनाची लिहिलेली संहिता संस्थेच्या प्रसिद्धीप्रमुखाकडे गेली. त्याने लाल पेनाने सगळे 'कदाचित' खोडले. "मॅडम, 'कदाचित'ला कोण हसतं? लोकांना ठाम काहीतरी द्या." आणि जिथे जिथे शौच होतं, तिथे तिथे 'तो विषय' लिहिलं.

शनिवारी चार वाजता सभागृह भरलं. ती उभी राहिली, कागदावरचं 'तो विषय' पाहिलं आणि कागद बाजूला ठेवून खणखणीत आवाजात तो शब्द उच्चारला. संचालकांनी डोळे मिटले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला.

तिने एका गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यांना रक्त दिसलं, तर म्हणाले बीट. मग म्हणाले टोमॅटो. मग म्हणाले भांड्यालाच रंग आहे, कंपनीवर तक्रार करतो. शेवटी म्हणाले, माझा चष्मा बदलायला झालाय. लोक हसून हसून आडवे झाले. सगळ्यात मोठ्याने अप्पा हसत होते. मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला म्हणाले, "काय एकेक गाढवं असतात हो जगात!"

पालथ्या घड्यावर पाणी! मग संहितेत नसलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "या गृहस्थांना एक मुलगी आहे. तिला सगळं कळतंय आणि तिचं काही चालत नाही. ती फार घाबरली आहे हो." लोकांना तोही विनोदच वाटला. टाळ्या पडल्या. अप्पांकडे बघायची तिची छातीच झाली नाही.

नंतर ती दाराशी टेबल टाकून बसली. शेजारी डब्या आणि नावं लिहायच्या चिठ्ठ्या. भलीमोठी रांग लागली आणि प्रत्येक जण आला तो मित्रासाठी. कुणाच्या मित्राला बसवत नव्हतं, कुणाच्या मैत्रिणीला तीन आठवडे त्रास होता. एवढी जिवाभावाची मैत्री या शहरात नांदते हे तिला ठाऊकच नव्हतं. संचालकही आले, इकडेतिकडे बघत. "माझे एक मित्र आहेत. जरा मोठ्या पदावर असतात."

"वय?"

"मार्चमध्ये अठ्ठावन्न पुरी होतील," संचालक ताडकन म्हणाले आणि डबी खिशात घालून निघून गेले.

रांग संपली. शेवटी एकच माणूस उरला. एवढा वेळ तो रांगेतच उभा होता, आपला नंबर येईपर्यंत. तिने मान वर केली. "अप्पा" ओठांवर आलं होतं, पण ते टेबलाकडे बघत आधीच बोलले.

"बाई, माझा एक मित्र आहे. हट्टी आहे जरा."

तिने कोरी चिठ्ठी पुढे ओढली. "बोला ना, काका. किती दिवस झाले?"

"सहा महिने."

ती चारच समजत होती. "वजन?"

"पाच किलो दोनशे ग्रॅम उतरलंय." वजनात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. मग हळूच विचारलं, "काही वाईट निघेल का हो?"

प्रसिद्धीप्रमुखाने खोडलेला शब्द तिला परत उचलावा लागला. "कदाचित निघेल, काका, कदाचित नाही. आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आता डबीने भागायचं नाही. सोमवारी नऊ वाजता त्यांना डॉक्टरांकडे आणा."

अप्पांनी मान हलवली. निघाले, दोन पावलांवर थांबले.

"त्याला एक मुलगी आहे," ते म्हणाले. "ती बरोबर आली तर चालेल का?"

"चालेल, काका."

तिने चिठ्ठीवर सोमवार, नऊ लिहिलं, नावाच्या जागी 'मित्र' लिहिलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.