चोरकप्प्यातले दिवस

आमच्या बांधकाम खात्यात खरं वेळापत्रक कुणी देत नाही. वायरिंगवाला पंधरवड्याच्या कामाला महिना मागतो, प्लंबर त्याच्याही वरताण, आणि मोठे साहेब सगळ्यांचे दिवस सरसकट कापून कागद वर पाठवतात. ह्या वाढवून मागितलेल्या दिवसांना आम्ही चोरकप्पा म्हणतो. ज्याला चोरकप्पा ठेवता येत नाही तो आमच्याकडे एक तर नवखा असतो नाहीतर बावळट. मी नवखी नव्हते.

सरकारी दवाखान्यातल्या नव्या ऑपरेशन थिएटरच्या बांधकामाचं वेळापत्रक माझ्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. मला कामात त्यांनीच तयार केलेलं. बाबा गेल्यावर माझ्या लग्नात पुढे होऊन उभे राहिले तेही तेच.

"पोरी, या वेळी मला खरं दे," ते म्हणाले. "चोरकप्पा नको. तुझ्या दिवसांना मी हात लावणार नाही, शब्द देतो."

मी खरं दिलं. साहेबांसाठी दिलं, पण त्याहून जास्त ताईसाठी. माझी थोरली बहीण त्याच दवाखान्यात थिएटरची मुख्य नर्स. जुन्या थिएटरचं छत गळायला लागल्यापासून ते बंद होतं, आणि अडलेल्या बायकांना अँब्युलन्समध्ये घालून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. सोबत ताई जायची. एकदा परत आली ती हातपाय न धुता तशीच भिंतीला टेकून बसली. बाई वाटेतच गेली होती. उन्हाळा संपायच्या आत तुझं थिएटर सुरू होईल, असं मी तिला त्या दिवशी सांगितलं. माझ्या भरवशावर तिनं भुलीच्या डॉक्टरांना बदलीचा अर्ज मागे घ्यायला लावला.

वेळापत्रकात नाजूक जागा एकच होती. थिएटरमध्ये साधी फरशी चालत नाही, सांध्यांत घाण बसते. म्हणून सिमेंटचा कोबा करून त्यावर व्हिनाइलची अखंड चादर चिकटवतात. पण कोबा आतून वाळायच्या आधी चादर लावली, तर ओल वर येते आणि चादर फुगते. कोबा कुणाच्या हुद्द्याला भीत नाही, त्याला लागतो तेवढा वेळ तो घेतोच. ते दिवस मी साहेबांना बोट ठेवून दाखवले होते, हे कापू नका म्हणून.

मग उद्घाटनाची तारीख ठरून आली. वरच्या कुणाच्या तरी सोयीची, आमच्या तारखेच्या बरीच अलीकडची. सगळ्या कामांचं सुधारित वेळापत्रक मी उभ्याउभ्याच वाचलं. वायरिंगवाल्याचा महिना जसाच्या तसा, प्लंबरचे दिवस शाबूत, रंगाऱ्याच्या केसालाही धक्का नाही. कापले होते ते फक्त कोब्याचे दिवस.

तावातावानं केबिनमध्ये गेले खरी, पण साहेब शांतपणे चष्मा पुसत बसलेले पाहून तोंडातून एवढंच निघालं, की कोबा ओला आहे. पंखे लाव, हीटर लाव, असं त्यांनी सुचवलं.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणाले.

"तारीख इतकी जवळ असताना बाकीच्यांचे कापले असते तर ते काम टाकून बसले असते. तू घरची. म्हटलं, तू समजून घेशील."

इतक्या मायेनं मला आजवर कुणी गंडवलं नव्हतं. माझं खरं त्यांना पटलं नसतं तर मी एकवेळ सोसलं असतं. त्यांना ते पुरतं पटलं होतं, आणि तरी कात्री तिथेच लावली, कारण मी ओरडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मी लेखी हरकत घेतली. ती वर गेली आणि वरच झोपली. ओल्या कोब्यावरच चादर चिकटवली, फीत कापली गेली, वेळेआधी काम उरकल्याबद्दल साहेबांचं भाषणात कौतुक झालं. ताईनं खाली वाकून त्या गुळगुळीत चादरीवरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. मला तिच्याकडे बघवेना.

थोड्याच दिवसांत चादरीला फुगे आले, भिंतीलगतच्या शिवणी उसवल्या, जंतूंच्या तपासणीत थिएटर नापास झालं. दाराला कुलूप लागलं. भुलीचे डॉक्टर बदली घेऊन गेले, ताईशी न बोलता.

मग साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. चादर उचकटून, कोबा वाळवून, सगळं नव्यानं करायचं होतं. "पोरी, खरं दे," म्हणाले, अगदी त्याच आवाजात. मी चांगला ऐसपैस चोरकप्पा ठेवून कागद पुढे केला. त्यांनी एक दिवसही न कापता सही केली.

तिथून थेट ताईकडे गेले. ती ड्युटीवर निघायच्या तयारीत होती. तिला मात्र मी खरी तारीख सांगितली, चोरकप्पा वगळून.

"ही तुझी तारीख की साहेबांची?" तिनं विचारलं.

"माझी. खरी आहे, ताई."

तिनं मान हलवली. मग माझ्यासमोरच अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि त्याला सांगितलं, की डोंगरापलीकडच्या फेऱ्या इतक्यात थांबायच्या नाहीत, माझी बहीण म्हणते त्या तारखेच्या पुढे अजून दोन महिने धरून चाल.