जिगीषाचं पानेतर माझ्या पोटात

मित्रांनो, मी जेतपूरच्या हरकिशनभाईंचं जुनं लोखंडी कपाट. नवा होतो तेव्हा माझा हिरवा रंग बघायला शेजारीपाजारी येत. पुढे रंगाचे पोपडे निघाले आणि घरचेच मला डबडं म्हणू लागले. तरी मोलाची चीजवस्तू मात्र माझ्याच पोटात ठेवत.

माघात एका सकाळी आयकरवाले झडतीचं वॉरंट घेऊन दारात आले. हरकिशनभाईंची पाचावर धारण बसली. साडीछपाईच्या धंद्याच्या खऱ्या हिशेबाची वही त्यांनी घाईघाईने माझ्या पोटातल्या, लेकीच्या, जिगीषाच्या पानेतरात गाठ न सोडता कडेने सरकवून दडवली. पानेतर म्हणजे मामाने भाचीला द्यायची लग्नाची साडी. मामाने ती लाल कापडात बांधून आधीच पाठवली होती आणि गाठ त्यानेच सोडायची होती. त्या गाठीला कोण हात लावणार, असं हरकिशनभाईंना वाटलं.

पण झडतीच्या अधिकारी त्रिवेदीबेन तिथल्याच, ही रीत जाणणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मामाची गाठ मी सोडणार नाही. मामांना बोलवा, त्यांच्यासमोर बघू. तोवर कपाट सील."

माझ्या कुलुपावर लाखेची मोहर बसली. ती तोडणं गुन्हा होता. माझा जीव नुसता घुसमटत होता. आत काय आहे ते मला ठाऊक, पण सांगायला तोंड नाही. बाहेर रोज तेच चालायचं.

"पप्पा, सील उघडायचा अर्ज द्या ना! मामा निघालेत."

"दुसरं घेऊ की. बाजारात पानेतरांना काय तोटा?"

"मामाच्या हातचं बाजारात मिळतं होय?"

जिगीषा माझ्या दाराला कपाळ टेकून रडायची. मला माझीच लाज वाटायची.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी अर्ज दिला. दोन पंचांसमोर मोहर फुटली. भोगीलालमामा गाठीला हात घालणार, तोच हरकिशनभाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, भोगीभाई. आत माझं पाप आहे. ते तुमच्या हातून निघायला नको."

त्यांनी स्वतः गाठ सोडली आणि वही त्रिवेदीबेनपुढे ठेवली. पंचनामा झाला, वही जप्त झाली. पानेतर घरीच राहिलं. मामांनी ते पुन्हा बांधून नवी गाठ मारली.

"पप्पा, म्हणून अर्ज देत नव्हतात?" जिगीषाने विचारलं. हरकिशनभाईंनी तिच्यापुढे हात जोडले.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण लेकीसमोर माझं दार उघडताना हात कापेल, असं काही माझ्या पोटात ठेवू नका.